एअरोस्पेस अभियांत्रिकी : पदवीनंतरही उघडणारे दार

विशेष प्रतिनिधी

वरोरा : २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत आकाशातून प्रकाशाचे लांबलचक पट्टे सरकताना दिसले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पुढील दिवसांत परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडण्यात आलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च-३ बी’ प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे अंतराळतज्ज्ञांनी नोंदविले. अवशेषांची पाहणी करण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘इस्रो’चे पथकही जिल्ह्यात आले.

वर्षभर पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू नेमकी त्याच सायंकाळी खाली का आली, जळून खाक न होता तिचे काही भाग शिल्लक कसे राहिले, ते गोळे कशाचे होते, हे प्रश्न त्या दिवसांत जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांत चर्चिले गेले. या प्रश्नांची उत्तरे ज्या विद्याशाखेत शिकविली जातात, तिचे नाव एअरोस्पेस अभियांत्रिकी. या शाखेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत कोठेही नाही. त्यामुळे ‘हे आपल्यासाठी नाही’ असा समज येथील विद्यार्थ्यांत आणि पालकांत दृढ होतो. दुसऱ्या बाजूला, बारावीनंतर लगेच ‘एरोनॉटिकल’ हा शब्द असलेल्या कोणत्याही खासगी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी शेत गहाण ठेवण्याची तयारी दाखविणारे पालकही आढळतात. दोन्ही समज अपुऱ्या माहितीतून निर्माण झालेले आहेत. या क्षेत्राचे दार बारावीला कायमचे बंद होत नाही. ते पदवीनंतर पुन्हा उघडते आणि देशातील शासकीय संस्थांत शिकायचे असल्यास त्यासाठी मोठ्या कर्जाची आवश्यकता नसते.

तीन वेगळे मार्ग

विमानाशी संबंधित तीन व्यवसायांची गल्लत सर्वाधिक होते. पहिला व्यवसाय वैमानिकाचा. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा व्यावसायिक परवाना लागतो. वैद्यकीय चाचणी, लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण हे त्याचे प्रमुख टप्पे होत. विदर्भात गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर असे प्रशिक्षण चालते. हे शिक्षण महाग आहे आणि त्याचा अभियांत्रिकीच्या पदवीशी थेट संबंध नाही.

दुसरा व्यवसाय विमान देखभाल अभियंत्याचा. तपासणी व दुरुस्तीनंतर विमान उड्डाणास योग्य असल्याचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या परवानाधारकाला असतो. त्यासाठी महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागते, विषयवार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळवावा लागतो. हा परवाना म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. केवळ त्याच्या आधारावर पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही, ही बाब प्रवेशाच्या वेळी अनेकांच्या लक्षात येत नाही.

तिसरा मार्ग अभियंत्याचा, म्हणजे विमान, क्षेपणास्त्र, उपग्रह अथवा प्रक्षेपक यांची रचना करणाऱ्याचा. ‘एरोनॉटिकल’ ही शाखा वातावरणात उडणाऱ्या वाहनांपुरती मर्यादित आहे. तिच्यात अवकाशातील वाहनांचा समावेश केला की ‘एअरोस्पेस’ होते. या लेखाचा विषय हा तिसरा मार्ग आहे.

चार शाखा, चार प्रश्न

पदव्युत्तर स्तरावर एअरोस्पेसचे साधारणतः चार विभाग पडतात. मुंबईच्या आयआयटीतही एम. टेक.साठी याच चार विशेष शाखा आहेत. लाडबोरीच्या कड्याचे उदाहरण घेतले तर त्यांतील फरक सहज लक्षात येतो.

वायुगतिशास्त्र हा पहिला विभाग. वेगाने जाणाऱ्या वस्तूभोवती हवा कशी वाहते, तिचा रेटा आणि विरोध किती, याचा अभ्यास यात होतो. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक असतो. त्या वेगाने पुढील हवा दाबली जाऊन प्रचंड तापते. त्या सायंकाळी दिसलेले प्रकाशाचे पट्टे हा त्याचाच परिणाम होता.

गतिकी व नियंत्रण हा दुसरा विभाग. वस्तूची कक्षा, तिचा मार्ग आणि तिला इच्छित दिशेने वळविण्याचे गणित यात येते. खालच्या कक्षेतील वस्तूला विरळ हवेचाही सतत विरोध होत राहतो, तिची कक्षा हळूहळू लहान होत जाते आणि अखेरीस ती दाट वातावरणात शिरते. सोडलेल्या प्रक्षेपकाचा टप्पा वर्षभराने का पडला, याचे उत्तर या विभागात मिळते. विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शाखेच्या पदवीधरांना हा विभाग विशेष जवळचा वाटतो.

संरचना हा तिसरा विभाग. वजन शक्य तितके कमी ठेवून सांगाडा पुरेसा मजबूत कसा करावा, कोणता मिश्रधातू अथवा तंतुमिश्रित पदार्थ वापरावा, हा त्याचा विषय. पातळ पत्रा वितळून जातो. जाड कडे मात्र जमिनीपर्यंत पोहोचते. प्रणोदन हा चौथा विभाग. त्यात जेट इंजिने व रॉकेटची इंजिने शिकविली जातात. प्रक्षेपकाच्या टाक्यांतील इंधनावर दाब राखण्यासाठी उच्च दाबाचा वायू भरलेले गोलाकार कुंभ वापरले जातात. ते मजबूत असल्याने पुष्कळदा न जळता खाली येतात. प्रक्षेपकाच्या अवशेषांत असे गोळे आढळतात, त्याचे कारण हे आहे.

या चारही विभागांचा पाया एकच आहे आणि तो म्हणजे गणित. विकलक समीकरणे, सदिश, आव्यूह आणि संख्यात्मक पद्धती यांवर पकड नसेल तर विमानाविषयीची आवड पहिल्या सत्रापलीकडे टिकत नाही. हा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयाचा खरा प्रश्न ‘मला विमाने आवडतात का’ हा नसून ‘मला गणित आणि यंत्रशास्त्र दीर्घकाळ करावेसे वाटते का’ हा आहे.

पदवी कोणती असावी?

एम. टेक.च्या प्रवेशासाठी पदवी एअरोस्पेसचीच असली पाहिजे, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘इस्रो’च्या अलीकडील तीन अध्यक्षांची शैक्षणिक वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०१८ ते जानेवारी २०२२ या काळात अध्यक्ष असलेले के. सिवन हे कन्याकुमारी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले. त्यांचे शालेय शिक्षण तमिळ माध्यमात झाले. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९८० मध्ये एरोनॉटिकलची पदवी, १९८२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून एअरोस्पेसची पदव्युत्तर पदवी आणि २००६ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पीएच. डी. असा त्यांचा प्रवास आहे. त्यांच्यानंतर आलेल्या एस. सोमनाथ यांची पदवी मेकॅनिकल शाखेची, केरळातील कोल्लम येथील महाविद्यालयाची. एअरोस्पेसकडे ते भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले तेव्हा वळले. जानेवारी २०२५ मध्ये सूत्रे स्वीकारणारे व्ही. नारायणन यांची सुरुवात तर मेकॅनिकलच्या पदविकेने झाली. पुढे खरगपूरच्या आयआयटीतून त्यांनी शीतजनन अभियांत्रिकीत एम. टेक. आणि एअरोस्पेसमध्ये पीएच. डी. केली.

याही पूर्वीचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत विमानाचा कारखाना स्थापन केला. त्या कारखान्यात डॉ. घाटगे यांनी विमानरचनेचे काम उभे केले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या एरोनॉटिकल विभागाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. देशात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण ज्यांनी रुजविले, त्यांत एक नाव असे मराठी मातीतले आहे.

वरोऱ्याच्या विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. कोळसा खाणी, औष्णिक वीजप्रकल्प आणि भद्रावतीची आयुध निर्माणी यांमुळे या पट्ट्यात मेकॅनिकल शाखा परिचयाची आहे. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून सुरू आहे आणि नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. चंद्रपूर किंवा नागपूर येथे शासकीय वा नामांकित महाविद्यालयात मेकॅनिकलची भक्कम पदवी घेणे, हे दूरच्या शहरातील साधारण दर्जाच्या खासगी महाविद्यालयात महागडी एरोनॉटिकल पदवी घेण्यापेक्षा बहुतेकांच्या बाबतीत अधिक शहाणपणाचे ठरते. एम. टेक.ला प्रवेश मिळाला नाही तरी मेकॅनिकलच्या पदवीला इतर उद्योगांत मागणी असते. एरोनॉटिकलच्या पदवीधराला तेवढे पर्याय नसतात.

दहावीनंतर ब्रह्मपुरी किंवा गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलची पदविका घेतलेल्यांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. वरोऱ्यातच आनंदवनाच्या आनंद निकेतन महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांसाठी मार्ग थोडा लांबचा आहे. भौतिकशास्त्र किंवा गणितात एम. एस्सी. केल्यानंतर काही संस्थांचे एअरोस्पेस विभाग अशा उमेदवारांना पीएच. डी.साठी पात्र धरतात. अर्थात, बारावीनंतर ‘जेईई अॅडव्हान्स्ड’मधून आयआयटीत अथवा तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत एअरोस्पेसच्या पदवीला प्रवेश मिळत असल्यास तो अवश्य घ्यावा. हा लेख ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्यासाठी अधिक आहे.

‘गेट’ नावाचे फाटक

देशातील एम. टेक. प्रवेशाची किल्ली म्हणजे ‘ग्रॅज्युएट अॅप्टिट्यूड टेस्ट इन इंजिनीअरिंग’, अर्थात ‘गेट’. ही परीक्षा दरवर्षी साधारणपणे फेब्रुवारीत संगणकावर होते. अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरावे लागतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येते आणि गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यामुळे तिसऱ्या वर्षी एक प्रयत्न करून पाहण्यात तोटा नाही. महिला तसेच अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांना शुल्क निम्मे असते.

तीन तासांच्या या परीक्षेत ६५ प्रश्न व १०० गुण असतात. एअरोस्पेसच्या पेपरमध्ये १५ गुण सामान्य क्षमता चाचणीला आणि १३ गुण अभियांत्रिकी गणिताला असतात. उर्वरित ७२ गुण उड्डाणयांत्रिकी, अवकाशगतिकी, वायुगतिशास्त्र, संरचना व प्रणोदन या विषयांना आहेत. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकीच्या उत्तरासाठी एक-तृतीयांश गुण वजा होतात. संख्येत उत्तर द्यावयाच्या प्रश्नांत गुण वजा होत नाहीत.

येथे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यापुढे निवड असते. एअरोस्पेसचा पेपर द्यावा की मेकॅनिकलचा? एअरोस्पेसच्या अनेक विशेष शाखांत मेकॅनिकलचा गुणांकही चालतो. मात्र कोणत्या शाखेत कोणता पेपर ग्राह्य आहे, हे संस्थागणिक बदलते. मेकॅनिकलच्या पेपरला स्पर्धक कितीतरी अधिक असतात, पण अभ्यासक्रम परिचयाचा असतो आणि तो गुणांक सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीतही उपयोगी पडतो. ठरावीक जोड्यांतून दोन पेपर देण्याची मुभा आहे. दोन्ही अभ्यासक्रमांत द्रवयांत्रिकी, उष्मागतिकी व पदार्थांची ताकद हे विषय समान असल्याने ही वाट अनेकांना सोयीची ठरते.

तयारीसाठी मोठ्या शहरात खोली घेऊन शिकवणी लावणे अपरिहार्य नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्याने ‘एनपीटीईएल’ या उपक्रमात विनामूल्य उपलब्ध आहेत. वायुगतिशास्त्रासाठी जॉन अँडरसन, विमानांच्या संरचनेसाठी मेगसन आणि प्रणोदनासाठी हिल व पीटरसन यांची पाठ्यपुस्तके जगभर वापरली जातात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही ‘गेट’च्या संकेतस्थळावर मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला खरी अडचण इंग्रजी व्याख्याने वेगाने समजून घेण्याची असते. पदवीच्या पहिल्याच वर्षापासून रोज एक व्याख्यान ऐकण्याची सवय लावल्यास ती वर्ष-दीड वर्षात दूर होते.

कोठे शिकता येईल?

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, कानपूर, मद्रास व खरगपूर येथील आयआयटी ही या विषयाची जुनी केंद्रे आहेत. कानपूरच्या आयआयटीला स्वतःची धावपट्टी व उड्डाण प्रयोगशाळा आहे. अंतराळ विभागाच्या अखत्यारीत २००७ मध्ये स्थापन झालेल्या तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतही ‘गेट’च्या आधारे एम. टेक.ला प्रवेश दिला जातो. पुण्याजवळ गिरिनगर येथील संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत क्षेपणास्त्रे आणि मानवरहित विमाने यांकडे झुकणारा अभ्यासक्रम आहे. चेन्नईची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि चंडीगडचे पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालय यांचीही या क्षेत्रात दीर्घ परंपरा आहे.

प्रवेशप्रक्रियेतील एक खाचखळगा येथे नमूद केला पाहिजे. आयआयटींचे प्रवेश देकार एका सामाईक संकेतस्थळावरून स्वीकारावे लागतात. त्या संकेतस्थळावर नोंदणी केली म्हणजे सर्व आयआयटींना अर्ज झाला, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्यांची मुदत बहुधा मार्च-एप्रिलमध्ये संपते. चांगला गुणांक असूनही केवळ या चुकीमुळे वर्ष वाया जाऊ शकते.

मुंबईच्या आयआयटीत एम. टेक.चे दोन प्रकार आहेत. शिक्षण साहाय्यक म्हणून प्रवेश घेतल्यास अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. संशोधन साहाय्यक म्हणून घेतल्यास तो तीन वर्षांचा होतो आणि प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळावी लागते. दुसऱ्या प्रकाराकडे अनेकजण वर्ष वाढते म्हणून पाठ फिरवितात. पण मेकॅनिकलमधून आलेल्या, विषयाचा पाया नव्याने घालावयाचा असलेल्या विद्यार्थ्याला ते जादा वर्ष उपकारक ठरू शकते.

प्रयोगाला वाव किती मिळतो, हेही संस्था निवडताना पाहावे. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी, तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा एक किलोहूनही हलका ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही’द्वारे अवकाशात गेला. पुण्याच्या त्या महाविद्यालयात एअरोस्पेस विभाग नाही, ही बाब बोलकी आहे.

खर्च आणि विद्यावेतन

एम. टेक. हे पालकांच्या खिशावर चालणारे शिक्षण नाही, ही माहिती ग्रामीण भागात अजूनही पुरेशी पोहोचलेली नाही. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला दोन वर्षे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात आठवड्यातील काही तास प्रयोगशाळेत किंवा अध्यापनात साहाय्य करावे लागते. आयआयटींत अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्कात माफी आहे. वसतिगृहाचे व भोजनाचे शुल्क संस्थेनुसार बदलते. काटकसरीने राहणाऱ्या विद्यार्थ्याचा मासिक खर्च विद्यावेतनातून बराचसा भागतो. पीएच. डी.ला प्रवेश मिळाल्यास २०२३ मध्ये वाढविण्यात आलेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये अधिछात्रवृत्ती मिळते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तिरुचिरापल्लीत भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश घेतला, तेव्हा शुल्कासाठी त्यांच्या बहिणीने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली होती. १९५० च्या दशकातील ती वेळ आज देशांतर्गत एम. टेक.साठी कोणावर येण्याचे कारण नाही.

परदेशाचे गणित

परदेशी शिक्षणाबाबत मात्र हिशेब काळजीपूर्वक करावा लागतो. अमेरिकेतील विद्यापीठे या विषयात अग्रेसर आहेत, यात शंका नाही. मेकॅनिकलचे पदवीधर सतीश धवन यांनी मिनेसोटा विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी आणि १९५१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून डॉक्टरेट मिळविली आणि परत येऊन भारतीय विज्ञान संस्था व ‘इस्रो’ या दोन्ही संस्था घडविल्या. परंतु तेथे नोकरी करण्याच्या हेतूने कर्ज काढणाऱ्यांनी एक नियम आधी समजून घ्यावा. प्रक्षेपक, क्षेपणास्त्रे आणि अनेक प्रकारचे अवकाश तंत्रज्ञान अमेरिकेच्या शस्त्रास्त्र निर्यात नियमांखाली येते. अशा कामावर अमेरिकी नागरिक किंवा तेथील कायम रहिवासी यांनाच सहजपणे घेता येते. ‘नासा’च्या थेट सेवेसाठी नागरिकत्व आवश्यक आहे. चंडीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८२ मध्ये एरोनॉटिकलची पदवी घेतलेल्या कल्पना चावला यांनी टेक्सास व कोलोरॅडो येथे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून १९८८ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मात्र अंतराळवीर म्हणून निवड होण्याआधी त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व घ्यावे लागले. तेव्हा केवळ एम. एस. करून लगेच रॉकेट कंपनीत नोकरी मिळेल, या भरवशावर घर तारण ठेवणे धोक्याचे आहे. पीएच. डी.चे प्रवेश बहुधा शुल्कमाफी आणि मानधनासह असतात. संशोधनाची आवड असणाऱ्यांनी तो पर्याय आधी तपासावा.

जर्मनीतील शासकीय विद्यापीठे तुलनेने स्वस्त आहेत, पण सर्वच विनामूल्य राहिलेली नाहीत. श्टुटगार्ट विद्यापीठ ज्या राज्यात आहे तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले असून ते पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो इतके आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम विशेष खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रे जर्मन दूतावासाच्या शैक्षणिक कक्षाकडून तपासून घेणे बंधनकारक झाले. या तपासणीस लागणारा अवधी गृहीत धरून अर्ज लवकर करावा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट व फ्रान्समधील तुलूज येथील शिक्षणही नावाजलेले आहे.

परदेशी शिक्षणासाठी शासनाच्या योजना आहेत. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी चंद्रपूर किंवा चिमूर येथील प्रकल्प कार्यालयात करता येते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींबरोबरच भटक्या व विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांचाही विचार होतो. या योजनांना उत्पन्नाची व विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि ती वेळोवेळी बदलते. याशिवाय १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटकडून गुणवत्तेवर कर्जशिष्यवृत्ती दिली जाते.

शिक्षणानंतर काय?

‘इस्रो’ची अभियंता भरती प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक शाखांतून होते. मूळ पदवी मेकॅनिकलची ठेवण्याच्या सल्ल्याला यामुळे आणखी बळ मिळते. संरक्षण संशोधन व विकास संघटना, बंगळुरूच्या राष्ट्रीय एअरोस्पेस प्रयोगशाळा आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स येथे एअरोस्पेसच्या पदव्युत्तरांना वाव आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना राज्यात नाशिकजवळ ओझर येथेही आहे. खासगी क्षेत्रासाठी २०२० मध्ये अवकाश खुले झाल्यानंतर चित्र पालटले. हैदराबादच्या ‘स्कायरूट’ने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, तर मद्रास आयआयटीच्या आवारात वाढलेल्या ‘अग्निकुल’ने ३० मे २०२४ रोजी आपापली रॉकेटे सोडली. प्रवाहाचे संगणकीय विश्लेषण आणि संरचनेचे ताणविश्लेषण ही कौशल्ये मोटार व पवनचक्की उद्योगांतही चालतात.

नागपूरच्या ‘मिहान’मध्ये विमानांची देखभाल आणि सुट्या भागांची निर्मिती होते. तेथील बहुतांश काम उत्पादनाचे असल्याने पदविकाधारक, आयटीआय उत्तीर्ण आणि मेकॅनिकलचे पदवीधर यांना अधिक संधी आहे. ‘मिहान’जवळ आहे म्हणून एअरोस्पेसमध्ये एम. टेक. करणे हा हिशेब योग्य नव्हे. या शिक्षणाचा उपयोग रचना व संशोधन करावयाचे असेल तेथेच पुरेपूर होतो आणि अशा नोकऱ्या आज बंगळुरू, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, पुणे या शहरांत एकवटलेल्या आहेत. वरोरा सोडावे लागेल, हे कुटुंबाने आधीच गृहीत धरलेले बरे.

वर्षनिहाय आखणी

पदवीची पहिली दोन वर्षे गणित, द्रवयांत्रिकी, उष्मागतिकी आणि पदार्थांची ताकद यांना द्यावीत; सोबत संगणकाची एक भाषा शिकावी. तिसऱ्या वर्षी चारपैकी कोणता विभाग मनाला भावतो हे पाहून त्यावर छोटा प्रकल्प करावा आणि ‘गेट’चा पहिला प्रयत्न द्यावा. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात आयआयटींच्या विद्यार्थी-प्रशिक्षण योजनांना अर्ज करावेत. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत परीक्षा, मार्चमध्ये निकाल, एप्रिलपर्यंत प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज, मे ते जुलै देकारांच्या फेऱ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग सुरू, असा साधारण क्रम असतो. जातीचे, उत्पन्नाचे व नॉन-क्रिमिलेअरचे दाखले चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवावेत. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाचा दाखला केंद्र शासनाच्या विहित नमुन्यात लागतो. राज्याचा नमुना तेथे चालत नाही. ऐनवेळी तहसील कार्यालयात खेटे घालण्यात देकाराची मुदत निघून जाऊ शकते.

जागा मोजक्या आहेत आणि पहिल्या प्रयत्नात यश येईलच असे नाही. परंतु अपयश आले तरी हाती मेकॅनिकलची पदवी असते, डोक्यावर कर्ज नसते आणि आधीचा गुणांक ग्राह्य असेपर्यंत पुन्हा प्रयत्न करता येतो. बारावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात, जाहिरात पाहून, शेताचा सातबारा बँकेत ठेवण्याआधी एवढे गणित प्रत्येक पालकाने मांडून पाहावे.